पुढच्या रांगेचे बूट

विमा कंपनीतले हेडक्लार्क हॉलमध्ये सायकलवर बसले होते आणि त्यांना खाली उतरता येत नव्हतं. एका हाताने त्यांनी कपाट धरलं होतं, दुसऱ्याने पडदा. पडद्याचा दांडा भिंतीतून हळूहळू बाहेर येत होता.

"अहो, उतरा ना," बायको म्हणाली.

"उतरतोच आहे."

ते बराच वेळ उतरतच होते.

हा प्रताप नव्या बुटांचा. रविवारच्या सायकल मंडळाचे कप्तान पेशाने दातांचे डॉक्टर होते आणि त्यांचा नियम साधा होता. ज्यांचे बूट शर्यतवाल्यांसारखे पेडलमध्ये खटकन अडकतात ते पुढच्या रांगेत. बाकीचे मागे, पोराटोरांबरोबर. हेडक्लार्क वर्षभर मागे होते. ज्यांच्या सहीशिवाय ऑफिसात पान हलत नाही, त्या माणसाने दर रविवारी एका शाळकरी मुलीकडून "काका, बाजूला व्हा" ऐकून घ्यावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून ते दुकानात गेले. दुकानदाराने सरळ विचारलं, "पहिल्यांदाच घेताय का?"

या प्रश्नाला 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण हेडक्लार्कांनी आयुष्यात कुठलंच काम पहिल्यांदा केलेलं नव्हतं.

"छे हो! वर्षानुवर्षं वापरतोय."

"मग हे काळे तुम्हाला नकोत. नवशिक्यांचे आहेत. पाय पटकन सुटतो, घालून चालताही येतं."

"चालायचंय कुणाला?" असं म्हणत हेडक्लार्कांनी पाटासारख्या कडक तळव्यांचे पांढरेशुभ्र बूट उचलले. दुकानदार खूश झाला. "मग सोबतच्या पेडलची स्प्रिंगही तुम्हाला शोभेल अशी घट्ट करतो," म्हणाला, आणि त्याने स्क्रू फिरेल तेवढा फिरवला. "टाच बाहेर वळवली की सुटतो पाय. तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

तर आता हॉलमध्ये टाच वळत होती, गुडघा वळत होता, तोंडही वळून झालं होतं. पाय मात्र सुटत नव्हता. शेवटी बायकोने बुटांच्या पट्ट्या सोडून नवऱ्याचे पाय तेवढे बाहेर ओढले. बूट पेडललाच राहिले. पडदा खाली आला.

"उद्या दुकानात जा आणि स्क्रू ढिला करून आणा."

"आणि सांगू काय? वर्षानुवर्षं वापरतोय, पण उतरलो कधीच नाही?"

"मग जुने बूट घाला."

"आणि त्या पोरीच्या मागे जाऊ?"

यावर बायकोने हात टेकले. रविवारी सकाळी तिने लहान मुलाची धरतात तशी सीट धरून त्यांना फाटकाबाहेर ढकललं. "परत कसे येणार?" तिने ओरडून विचारलं. "पुढचं पुढे!" हेडक्लार्क म्हणाले.

पुढचं खरोखरच झकास होतं. मंडळ रस्त्याला लागलं होतंच. हेडक्लार्क थेट पुढच्या रांगेत घुसले. मागे त्या मुलीचा आवाज आला, "अय्या, काका!" वर्षभराचं दुःख तिथेच विरघळलं.

मग पुलापलीकडची चहाची टपरी आली आणि सगळे उतरले. हेडक्लार्कांनी टाच वळवली. काही झालं नाही. वाकून पट्टी सोडायला गेले, तर सायकल गटाराकडे निघाली. तेव्हा त्यांनी चेहरा शक्य तितका निवांत ठेवला आणि समोरच्या चौकाला फेरी मारायला सुरुवात केली.

चौकात कप्तान आधीपासूनच फिरत होते. ते टपरीवर कधी थांबत नसत. "थांबलं की स्नायू थंड पडतात," असं ते सांगत, आणि सगळं मंडळ चहा पिता पिता त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत बसे.

"वा! आज दोघं!" टपरीवरून कुणीतरी ओरडलं.

चार फेऱ्या झाल्यावर कप्तान जवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "बूट कुठून घेतलेत?"

हेडक्लार्कांनी दुकान सांगितलं.

"त्याने विचारलं असेल, पहिल्यांदाच का म्हणून?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

हेडक्लार्कांनी आधी टपरीकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "वर्षानुवर्षं."

कप्तानांनी मोठा उसासा टाकला. "मीपण. चला, माझ्या घरी चला. मंडळी चहा संपवून मागोमाग येण्याआधी."

कप्तानांच्या फाटकाशी त्यांची बायको उभी होती. एका हातात वर्तमानपत्र होतं, दुसरा हात सवयीने पुढे केलेला. नवऱ्याच्या मागून आणखी एक सायकल येताना दिसली तशी तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"भाऊजी, मला एका वेळी एकच धरता येतो," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही जरा एक चक्कर मारून या."

हेडक्लार्क वळले. समोरून मंडळी येत होती, घामाघूम, माना टाकलेली. हा माणूस पुन्हा निघाला, हे बघून त्यांनी जागच्या जागी ब्रेक मारले.

"काका, आता तरी थांबा ना!" ती मुलगी ओरडली.

"थांबणं आपल्याला जमत नाही, बाळ!" हेडक्लार्क म्हणाले. इतकं खरं ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते, आणि मंडळींनी रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या.