चिन्नोरचा एक दाणा

सडक अर्जुनीला हायवेवर, टायरवाल्याच्या शेजारी, रामटेकेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या खिशात पेनाजवळ एक डबी असते आणि डबीत चिन्नोर तांदळाचा एकच दाणा.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर पांढरी पेस्ट लावून वर पंखा बसवतात. सुकली की ती बदलायची. रामटेके डबीतला दाणा मापाला शेजारी ठेवतो आणि बरोबर तेवढीच पेस्ट काढतो. "जास्त लावली का उतू जाते, कमी लावली का डोकं भनकते." त्याआधी जुनी पेस्ट पुसून भिंगातून पाहणार. घाई केली तर म्हणणार, "गुरुजी, नवरीले हळद लावाले अशी घाई करता का?" पाव तासाचं काम, लागायचे दोन दिवस.

तेव्हा मी शाळेत मुख्याध्यापक होतो. निकालाचे दिवस आणि ऑफिसचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता. रामटेकेनं जुनी पेस्ट पुसली आणि पाहतो तर नव्या पेस्टची ट्यूबच संपलेली. "गोंदियावरून उद्या आणतो. तवरक हात लावू नोका," म्हणून गेला.

मला उद्यापर्यंत धीर नव्हता. खिशात खर्‍यासाठी, म्हणजे तंबाखू-सुपारीत घोटायला, चुन्याची ट्यूब होती. पांढरा, घट्ट, ट्यूबमधला. पेस्ट म्हणजे तरी वेगळं काय असणार? दाणाबिणा न बघता खर्‍याच्याच बोटानं भरपूर लावला, पंखा दाबून बसवला आणि बटण दाबलं. चुना खालच्या बोर्डावर ओघळला होता. आधी जळका वास, मग धूर.

दुसर्‍या दिवशी रामटेकेनं सगळ्यांसमोर कॉम्प्युटर उघडला, वास घेतला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. मी बोललो. "मेकॅनिकच्या चुकीमुळे संगणक निकामी" असं शाळेच्या रजिस्टरमध्ये मीच लिहिलं. शाळेचं काम त्याच्या हातून गेलं, मागोमाग इतरांचंही.

परवा माझा स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं तो उघडून जुनी पेस्ट पुसायला घेतली. तेव्हा म्हणालो, "रामटेके, शाळेतला तो चुना माझा होता."

"मालूम हाये," तो पुसता पुसता म्हणाला. "तमाखूचा वास येऊन राहिला होता ना."

"मग काऊन नाही बोललास?"

"तुमी पंधरा दिवसानं रिटायर होऊन राहिले होते. म्हटलं, जाऊ द्या. निरोपाले मी हारबी आनला होता गुरुजी. गेटापाशी आलो, तं तुमचं भाषण चालू होतं. दाण्यानं पेस्ट मोजनार्‍या मेकॅनिकचा किस्सा. लोक लय हासून राहिले होते. मंग वापस गेलो."

तो किस्सा मला आठवत होता. टाळ्याही आठवत होत्या. गेट आठवत नव्हतं.

रजिस्टर आता माझ्या हातात नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो: चूक मेकॅनिकची नव्हती, मुख्याध्यापकाची होती.

रामटेकेनं डबी उघडली, दाणा काढून प्रोसेसरशेजारी ठेवला आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"सीधा धरा, गुरुजी. हालवू नोका."

मी दोन्ही हातांनी धरला.