बाटलीत कोंडलेली मामी

गॅसची टाकी नेमकी त्याच दिवशी संपली. संध्याकाळी थोरल्या रबाबला मागणी घालायला पाहुणे येणार, आणि तिच्या बाबांच्या, अब्दुल मोअतींच्या, एकुलत्या एक ठेवणीतल्या पायघोळ गलाबियावर, ऐन छातीवर, चहाचा डाग! पांढरे कपडे पातेल्यात रटरटा उकळल्याशिवाय स्वच्छ होतात हे इन्शिराहबाईंना मान्यच नव्हतं. आता उकळणार कशावर? कपाळावर?

"मी काढते!" धाकटी शाहिंदा सरसावली. रसायनशास्त्रात वर्गात पहिली आल्यापासून तिचे पाय अलेक्झांड्रियाच्या जमिनीला लागत नव्हते. "गच्चीवरच्या टाकीतलं कोमट पाणी बास झालं."

"कोमट? मग तुझी आजी जन्मभर चुलीपुढे काय शेकत बसली होती?"

"आई, या धुण्याच्या पावडरीतला ऑक्सिजन म्हणजे आपला मामा. चटका बसल्याशिवाय उठत नाही. पण हे हिरवे दाणे दिसतात ना, हा अ‍ॅक्टिवेटर. ही मामी! कोमट पाण्यातसुद्धा मामाला कामाला जुंपते."

इन्शिराहबाई भावजयीला ओळखून होत्या. लगेच पटलं. "पण डाग राहिला तर सायन्स विसरायचं. गुपचूप आर्ट्सला जायचं!"

त्या धास्तीने शाहिंदाने पावडर चांगली सढळ हाताने ओतली. आणि काय सांगावं, डाग गेला! समुद्रावरच्या वाऱ्याने गलाबिया वाळवला, बाबांनी तो चढवला आणि बाल्कनीतून दोरीची टोपली सोडून खालच्या कॅफेतून चहा वर ओढला.

"अहो, पुन्हा चहा?"

"रबाबच्या आई, डाग गेलाय. चहाने काय घोडं मारलंय?"

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सनियामावशीने टेबलक्लॉथसाठी उरलेलं पाणी मागितलं. जोर उडून जाऊ नये म्हणून शाहिंदाने ते कोलाच्या बाटलीत भरलं, बूच गच्च पिळलं आणि त्याच टोपलीतून खाली सोडलं. बाटली वाटेतच टम्म फुगली. खाली दारात नवऱ्या मुलाची आई, तहियाबाई, पांढरी शाल सावरत उभ्या.

फाट्ट!

बाबा दचकले. चहा छातीवर. त्याच जागी.

जिन्यातून ठिबकत तहियाबाई वर आल्या. "ही काय पद्धत झाली? सोयऱ्यांवर बॉम्ब टाकता?"

इन्शिराहबाईंनी कपाळ बडवलं. "मेले, मामा-मामीला एका बाटलीत बूच लावून कोंडलंस? फुटणारच ना!"

शाहिंदाला समोर आर्ट्सचा वर्ग दिसू लागला. "आई, डाग काढते... पण पाणीच संपलं."

"संपलं कसं?" तहियाबाई म्हणाल्या. "सगळं माझ्या अंगावर आहे. इकडे या, व्याहीबुवा!" आणि त्यांनी शाल बाबांच्या छातीवर कचकचून पिळली.

सगळं घर बाबांच्या छातीकडे टक लावून बसलं. बाबा श्वाससुद्धा जपून घेत होते. डाग तपकिरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा फिकट, आणि हळूच दिसेनासा झाला.

"सोयरीक पक्की," तहियाबाई म्हणाल्या. "चहा तेवढा नको."

इन्शिराहबाई नवऱ्याकडे वळल्या. "हिला सायन्सलाच घाला बाई. निदान शाळेची तावदानं फुटतील, आपली नाही."