तीन दिवसांच्या पासाची व मातोश्री मथुराबाईंच्या स्वारीची हकीकत

श्री. ज्याने वाटा घातल्या आणि वाटसरूस पाय दिले त्यास दंडवत घालून, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरी पौष वद्य पक्षाच्या अखेरीस जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे मांडिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. त्या राज्यात एक कसबा, आणि कसब्यात दोन खोल्यांचे ठाणे राखून मातोश्री मथुराबाई दातीर राहत होत्या. वय अडुसष्ट, डावा गुडघा कुरकुरता, शिवणयंत्र चालू आणि जीभही चालू. यजमान कैलासवासी होऊन चार वर्षे लोटली होती. चिरंजीव हेमंतराव राजधानीत चाकरीस, सातव्या मजल्यावर त्यांची गढी, आणि त्यांनी मनी घेतले की आईने कसब्याचे ठाणे खाली करून आपल्या आश्रयास यावे. हा विषय दर दिवाळीस निघे आणि दर दिवाळीस बाई तो फराळाच्या ताटाखाली दाबीत. मग त्या पौषात बाई पाच दिवसांच्या मुक्कामास राजधानीत दाखल जाहल्या आणि पहिल्याच पंगतीस हेमंतराव बोलिले की, "आई, तुला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही, तिकडे एकटी कशी राहणार? किल्ली दे, मी घराचं बघतो." बाईंनी हातातला घास ताटात ठेविला. रागे भरल्या की त्या आवाज खाली आणीत, तैसा आणून म्हणाल्या, "उद्या सोमवार जाऊ दे. मंगळवारपासून तीन दिवस मी तुझ्या या शहरात एकटी फिरते. कोणी पोचवायचं नाही, कोणी आणायचं नाही. एकदा जरी तुझ्या गाडीत बसले तर किल्ली तुझी. नाही बसले तर किल्ली माझी, आणि हा विषय परत काढायचा नाही." सूनबाई रेवतीबाई साक्षीस होत्या. किल्ली देव्हाऱ्यात अन्नपूर्णेपाशी ठेविली आणि तह कायम जाहला.

येथे त्या घराण्याची चाल सांगितली पाहिजे. दातीरांच्या घरची बाई कधी कोठे जात नसे, तिला पोचवीत. आणि कोठून येत नसे, तिला आणीत. मथुराबाई लग्नापासून माहेरी पोचविल्या गेल्या, दवाखान्यातून आणिल्या गेल्या, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच मागून "कुठे निघालीस" हा सवाल येई. यजमान वाईट नव्हते, परंतु त्या सवालाचा बाईंस मनापासून कंटाळा आला होता.

सोमवारी त्रयोदशीस दुपारी बाई गढीखालच्या मेट्रोच्या ठाण्यावर गेल्या, आणि हेमंतराव मसलतीस बरोबर आले व म्हणाले की पासबीस कशास, तिकिटे काढीत जा, फिरून फिरून फिरणार किती. बाईंनी त्यांस जिन्यापाशी उभे केले आणि खिडकीवर आपण एकट्या गेल्या. खिडकीतला कारकून तरणा आणि गोड बोलणारा होता. तो म्हणाला, "आजी, कुठे कुठे जायचंय ते सांगा, एकेरी तिकिटं बरी पडतात का बघतो." बाईंनी पुसिले, "एकेरी तिकिटाला दर वेळी ठिकाण सांगावं लागतं?" "हो, त्याशिवाय तिकीट कसं देणार?" "आणि पासाला?" "पास असला की कुठेही जा. बसला चालतो, मेट्रोला चालतो. एक दिवसाचा आहे, तीन दिवसांचा आहे." "कुठे चाललात असं कोणी विचारत नाही?" कारकून हसला. "मशीन काय विचारणार, आजी." "मग तीन दिवसांचा दे," ऐसे बाई बोलिल्या, आणि चार दशके फिरण्याच्या परवान्याचे जे दस्तक कोणी दिले नव्हते ते त्यांनी आपल्या हाताने घेतले. कारकुनाने बजाविले की, "पहिल्यांदा मशीनला लावाल तिथपासून बहात्तर तास." बाईंनी मान हलविली आणि येथेच घात जाहला.

कारण ऐसे की मंगळवारी दातीरांच्या घरी मोहीम निघत नाही, आणि तह बोलताना रागाच्या भरात बाईंनी वार पाहिला नव्हता. वार वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी प्रवासाची एखादी वस्तू शेजाऱ्याघरी नेऊन ठेवावी, त्यास प्रस्थान ठेवणे म्हणतात, मग दुसरे दिवशी खुशाल निघावे. परंतु त्या गढीत शेजाऱ्यांची दारे बंद, घंटी वाजवून अनोळख्याच्या हाती पिशवी कशी द्यावी? म्हणून बाईंनी चार वाजता, हेमंतराव वर गेल्यावर, पास दाराच्या यंत्रास लाविला, आत गेल्या, मनात गजाननाचे स्मरण केले आणि बाहेर आल्या. प्रस्थान म्हणजे प्रवास नव्हे हे बाईंस पक्के ठाऊक होते, पण यंत्रास ते कोणी शिकविले नव्हते, आणि त्याचे बहात्तर तास तेथूनच चालू लागले.

मंगळवारी स्वारी सुईदोऱ्याच्या पेठेत गेली आणि शिवणयंत्राचा पट्टा घेऊन आली. बुधवारी बाई शाळेतल्या मैत्रिणीकडे, कुमुदकडे निघाल्या आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसल्या, दोन ठाणी गेल्यावर उमगले, मग उतरून पलीकडच्या फलाटावर गेल्या आणि कुमुदच्या घरी पोहे खाऊन परत आल्या. हेमंतराव दोन्ही दिवस दाराशी घड्याळ पाहत उभे होते. बाईंस मोठा हुरूप आला, इतका की गुरुवारी बटवाही फडताळात ठेविला, पास असता बटव्याचे काम काय म्हणोन. गुरुवारी त्या कोठे गेल्या ते या बखरीस ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी लिहिले नसते.

परतीस सव्वाचार वाजले. ठाण्याच्या दाराशी पास लाविला तो दार उघडेना. पुन्हा लाविला, लाल दिवा. मागे माणसे तुंबली. पहाऱ्यावरची बाई, नाव तिचे सुलभा, येऊन पास तपासून म्हणाली, "आजी, याची मुदत संपली. सोमवारी चारला लावला होता ना?" तेव्हा मथुराबाईंस प्रस्थान आठवले, आणि तिकिटापुरता बटवाही फडताळात राहिला हे आठवले. स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आले. तोच हेमंतरावांचा फोन आला, "कुठे आहेस?" बाई म्हणाल्या, "पास संपलाय. येते." "मग थांब तिथेच, गाडी घेऊन येतो." "येऊ नकोस," म्हणोन बाईंनी फोन ठेविला. सुलभेने तिकीट काढून देऊ केले, त्यास बाई बोलिल्या, "तुझं मन मोठं आहे गं. पण तुझ्या तिकिटावर गेले तर मी एकटी कुठे गेले? तू मला वाट सांग." सुलभेने त्यांचे ठाणे पुसून मेट्रोच्या पुलाचे खांब दाखविले, एकेकावर आकडे रंगविले होते. "हा एकशे अठ्ठ्याऐंशी. तुमचं स्टेशन साठाच्या जवळ. खांब धरून चालत राहा, पण लांब आहे हो." बाईंनी निऱ्या खोचल्या आणि कूच केले.

मग जे चालणे जाहले ते सोपे नव्हते. पदपथ जागोजागी उखडलेला, त्यावर दुचाक्या लाविलेल्या, आणि दीडशेव्या खांबापासून गुडघा बोलू लागला. एकशे एकतीसच्या सावलीत हार विकणारीपाशी बाई पाणी प्याल्या, आणि तेथे क्षणभर वाटले की बसावे, यावा मुलगा, न्यावे त्याने, किल्लीचे काय एवढे. मग कसब्याची ती दोन खोल्यांची जागा डोळ्यांपुढे आली, सकाळचा आपल्या हातचा चहा, आपण लावायची कडी, आणि त्या उठल्या. शहाण्णवाव्या खांबाशी मेट्रोखालचा रस्ता धरून शोधीत आलेली हेमंतरावांची गाडी येऊन उभी राहिली. काच खाली करून ते म्हणाले, "आई, पुरे झालं. पास संपला, तह संपला, बस आता." बाई थांबल्या नाहीत. चालता चालता म्हणाल्या, "तहात पासाचं नाव नाही. गाडीत बसायचं आहे, आणि मी बसत नाही." "पाय सुजतील." "माझे सुजतील." मागे गाड्यांनी कर्णे वाजवून आकाश भरले, आणि हेमंतरावांनी निरुपायाने गाडी पेट्रोलपंपावर लाविली व कचेरीच्या बुटांनिशी ते आईच्या मागे धावले.

सत्त्याहत्तराव्या खांबाशी रस्ता मोठा वळसा घेतो. हेमंतराव वळणाकडे निघाले तो बाईंनी त्यांचे मनगट धरिले आणि म्हणाल्या, "तिकडून कशाला? वरून मेट्रोतून पाहिलंय मी, या भाजीबाजारातून नाल्यावरचा लहान पूल आहे, सरळ तुझ्या फाटकाशी निघतो." हेमंतराव अकरा वर्षे त्या नगरीत राहिले होते, परंतु त्यांस तो पूल ठाऊक नव्हता. बाजार ओलांडताना टेम्पो अंगावर आला तेव्हा बाईंनी त्यांस मागे ओढिले, आणि चिरंजीव आईच्या मुठीत चालत राहिले, आणि दिवस मावळण्यापूर्वी दोघे दाराशी आले. रेवतीबाईंनी दार उघडून एकदा नवऱ्याच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे आणि एकदा सासूबाईंकडे पाहिले व पुसिले, "कोणी कोणाला आणलं?" हेमंतराव बूट सोडीत म्हणाले, "आईनं मला आणलं." बाईंनी देव्हाऱ्यातली किल्ली उचलून कमरेस खोचली आणि गुडघ्यास शेकायला पाणी मागितले.

शुक्रवारी बाई एकट्या कसब्याच्या बसला निघाल्या. हेमंतरावांच्या ओठी "पोचवू का" हा सवाल आला होता, तो त्यांनी गिळिला आणि दार नुसते धरून उभे राहिले.

येणेप्रमाणे मोहीम तीन दिवसांची, पास काही तास तोकडा, आणि किल्ली ज्याची त्यास परत. कसब्याचे ठाणे आजही कायम आहे. कोणास पाहावयाचे असेल त्याने यावे. बाई घरी असल्या तर चहा होईल, आणि नसल्या तर कोठे गेल्या हे शेजारी सांगू शकणार नाहीत, कारण बाईंनी त्यांसही सांगितलेले नसते.