काळी फिल्म

श्रीरामपुरात मोहियोद्दीनचा छोटासा स्टुडिओ होता. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. आता खंडग्रास सूर्यग्रहणाचा फोटो काढायचा आणि पुण्याच्या दैनिकात आपलं नाव छापून आणायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नये आणि नुसतं भिंगही तिकडे रोखू नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आदल्या दिवशी त्यानं मुदत संपलेला एक रोल उन्हात पुरता उलगडला आणि डेव्हलप केला. फिल्म काजळासारखी काळी निघाली. तिचे दुहेरी तुकडे कापून त्यानं रबरबँडनं कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवले.

ग्रहणाच्या दुपारी सूर्यभान पाटील दारात उभे राहिले. "मोहियोद्दीनभाई, आमच्या रतनचे परवा काढलेले फोटो द्या. सांगून आलेल्या पोराचा मामा उद्या पहाटच्या गाडीनं ते घेऊन निघालाय. पोराकडची मंडळी फोटो बघूनच काय ते ठरवनार हायेत."

रतनचा रोल धुवायला घ्यावा म्हणून मोहियोद्दीननं खण उघडला. आत मुदत संपलेला रोल जसाच्या तसा होता. उन्हात उलगडला होता तो रतनचा रोल!

"पाटील, माझ्या हातून घोटाळा झालाय," तो कसाबसा म्हणाला. "पोरीला पुन्हा घेऊन या. आत्ताच."

तासाभरात रतन आली. सोबत तिची आई छबूबाई होती. तेवढ्यात वीज गेली. स्टुडिओत मिट्ट अंधार झाला.

"बाहेर लिंबाखाली काढू," मोहियोद्दीन म्हणाला.

"भाईर?" छबूबाई कडाडली. "गिरान लागलंय अन् पोरीला भाईर हुबी करू व्हय?"

"अगं, मामा काय गिरान सुटायची वाट बघत बसनार हाय का?" पाटलांनी तिला गप्प केलं.

मोहियोद्दीनजवळ एकच चांगला रोल उरला होता. त्यात बारा फोटो निघायचे. सहा रतनला, सहा सूर्याला, असा त्यानं हिशोब धरला आणि भिंगावरची काळी फिल्म काढून ठेवली. पण रतन कुठे फोटो काढू देतेय! पहिल्यात तिनं डोळे मिटले, दुसऱ्यात मान खाली घातली, तिसऱ्यात ती आईकडे बघू लागली. सहा झाले, आठ झाले. पोरीचा रोल आपणच नासवलाय, या विचारानं त्याला थांबवेना. अकरा संपले तेव्हा त्यानं पश्चिमेकडची उन्हं पाहिली आणि काळी फिल्म पुन्हा हातात घेतली. एक तरी सूर्याला राहू दे!

"चाचा, ह्ये बघा की!" रतन ओरडली. "माझ्या साडीवर चंद्रकोरी पडल्यात!"

लिंबाच्या पानांतून झिरपणारा उन्हाचा एकेक ठिपका अर्धवट खाल्लेल्या सूर्यासारखा झाला होता. रतनच्या बिननक्षीच्या साडीवर, हातांवर, मातीवर नुसत्या कोरीच कोरी.

"आगं बया! झटक, झटक!" म्हणत छबूबाई पदरानं लेकीची साडी पुसायला धावली. कोरी काही पुसल्या जाईनात, उलट तिच्याच हातावर चढल्या. आईची ती तारांबळ बघून रतन मान मागं टाकून खळाळून हसली.

मोहियोद्दीननं काळी फिल्म टाकली आणि बटण दाबलं. बारावा फोटो संपला. सूर्याचा एकही फोटो निघाला नाही.

आठवड्यानं पाटील पेढे घेऊन आले. "पसंती आली! त्यो हासरा फोटो बघून पोरगा म्हनला, हीच." मग ते जरा अवघडले. "पन पोराच्या आईनं निरोप धाडलाय, लग्नात नवरीनं तीच कोरीकोरीची साडी नेसायची. ती आता कुठनं आनायची?"

मोहियोद्दीननं पेढा तोंडात टाकला. मग त्यानं टोपी घातली, त्या फोटोची दुसरी प्रत खिशात टाकली आणि पाटलांना घेऊन थेट कापड छापणाऱ्या रंगाऱ्याकडे गेला.

रंगाऱ्यानं फोटो उजेडात धरून कितीतरी वेळ न्याहाळला. "लई झकास! कुनाची म्हनायची ही नक्षी?"

"फोटो माझा," मोहियोद्दीन छाती काढून म्हणाला, "नक्षी वरच्याची."