कोरे सरांना असं वाटतं की

"आय ॲम अफ्रेड दॅट दूध नासलंय."

भिंतीपलीकडून हे ऐकू आलं की मी ओळखायचो, कोरे सर उठले. पाठोपाठ त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा आवाज यायचाच.

"नासलं तर नासलं! त्यात भ्यायला काय झालं? वाघ हाय का पातेल्यात?"

"अगं, भिण्याचा प्रश्न न्हाई. इंग्रजीची रीत हाय ती."

"मग इंग्रजीला म्हणावं, दुसरं दूध आणून दे."

मन्मथप्पा कोरे सर लातूरला आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. शाळेत टेबल एक, घराला भिंत एक, त्यामुळं माझी सुटका नव्हती. ह्या माणसानं जन्मात एक वाक्य सरळ सुरू केलं नाही. आधी 'आय थिंक दॅट', 'आय होप दॅट' नाहीतर 'आय ॲम अफ्रेड दॅट', आणि मग उरलेलं मराठीत. साधा वार विचारला तरी, "आय थिंक दॅट आज मंगळवार हाय." अहो, भिंतीवर कॅलेंडर टांगलंय की समोर!

मी एकदा चिडून विचारलं. सर अजिबात रागावले नाहीत.

"नुसतं 'पाऊस येईल' म्हणणारे आपण कोण हो? पाऊस काय आपल्या खिशात हाय? साहेब बघा. आधी स्वतः पुढं उभा राहतो. आय थिंक दॅट. मग पाऊस मागनं येतो, गौण वाक्यात. चुकला तर साहेब चुकला, पावसाला बोल न्हाई."

"आमच्या मराठीत 'मला वाटतं' आहेच की, सर."

"हाय ना. पण तुम्ही ते पेटीत घालून ठेवलंय."

पोरांनी त्यांची ही खोड बरोबर हेरली होती. हजेरीला एकेक कार्टं उठून म्हणायचं, "आय थिंक दॅट आय ॲम प्रेझेंट, सर." बाकीचा वर्ग फिदीफिदी हसायचा आणि सर गंभीरपणे "व्हेरी गुड" म्हणून पुढचं नाव घ्यायचे. एकदा दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेलो. कुठली दुखते विचारल्यावर सर म्हणाले, "आय फील दॅट खालची." डॉक्टर म्हणाले, "वाटतंय का दुखतंय?" सर म्हणाले, "दुखतंय असं वाटतंय." डॉक्टरांनी वैतागून वरची काढली. येताना रिक्षात सर गालाला रुमाल लावून मला समजावत होते की यात दोघांचाही दोष म्हणता यायचा नाही. मी कपाळाला हात लावला.

त्या दिवसांत लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. रोज कुठलं तरी नवं ऑफिस यायचं, साहेबांच्या जीपा फिरायच्या, खोल्यांची भाडी चढायची. नळाला मात्र पाणी नव्हतं. दुष्काळ असा की टँकरची वाट बघण्यात आमच्या गल्लीचं निम्मं आयुष्य चाललं होतं. माझी तर झोपच उडाली होती. दिवसातून दहादा मी पिंपात डोकावायचो, जसं काही डोकावल्यानं ते भरणार होतं. गल्लीत रुक्मिणबाई म्हणून एक होती. टँकर आला की तिच्यापुढं घागर लावायची कुणाची छाती नव्हती. तिनं एकदा आमच्या हेडमास्तरांना बादलीसकट बाजूला सारलं होतं.

आणि नेमक्या ह्या दिवसांत कोरे सरांच्या मंगलला दिवस गेले.

मंगल त्यांची एकुलती एक लेक. भोकरला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे ठरलेलंच. शांताकाकूंनी दुपटी शिवून ठेवली, डिंक आणला, खाट सुद्धा उन्हात टाकून झाली. पण बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायचं, बाळाचे कपडे धुवायचे, त्याला पाणी कुठून आणायचं? सातवा सरत आला तेव्हा भोकरचे व्याही स्वतः आले. माणूस सरळ. चहा पण अर्धाच कप घेतला, त्यांना आमचे हाल दिसत होते.

"सर, आमच्या हिरीला अजून थोडं पाणी हाय. तुमच्याकडं पाण्याची सोय असंल तर सुनंला आणून सोडतो. नसंल तर बाळंतपण आम्ही करून घेऊ. वाईट वाटून घेऊ नका."

सर म्हणाले, "आय होप दॅट..."

"होप नको, सर. हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सरांना सांगता येईना. मी तिथंच बसलो होतो. सर उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. शेवटी व्याही उठले. "आठ दिवसांत कळवा," म्हणून गेले.

त्यानंतर भिंतीपलीकडं सगळं चिडीचूप. काकू बोलायच्या बंद झाल्या. मला ते रोजचं भांडण परवडलं असतं, पण ती शांतता ऐकवेना.

सहाव्या दिवशी गल्लीत बोअरची गाडी आली. सरकारी मंजुरीचा बोअर आणि गाडी थेट तमिळनाडूची! गाडीवरचा मुरुगेसन काळासावळा, हसरा, पण त्याला ना मराठी कळे ना हिंदी. मोडकंतोडकं इंग्रजी तेवढं यायचं. सगळी गल्ली ओरडली, "कोरे सरांना बोलवा!"

मशीन सुरू झालं. धडाड धडाड आवाज आणि पांढरा धुरळा. दोनशे फूट गेले तरी धुरळाच. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात रिकामी घागर. मंजुरीचं खोदकाम संपलं तसा मुरुगेसननं हात झटकला.

"ड्राय, सर. फिनिश."

"काय म्हणायलाय त्यो?" रुक्मिणबाईनं विचारलं.

सरांनी तिच्याकडं बघितलंच नाही. ते मुरुगेसनच्या पुढं गेले आणि म्हणाले, "देअर इज वॉटर. ड्रिल."

मी दचकलो. सरांच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"यू शुअर, सर?"

"शुअर."

मुरुगेसननं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं त्याला, देव जाणे. स्वतःचं डिझेल जाळून त्यानं अजून दोन पाइप खाली घातले.

धुरळाच आला.

गाडी आवरताना त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. बाया पुटपुटत घरी गेल्या. सर भुवयांपर्यंत पांढरे होऊन तिथंच उभे. मी म्हटलं, "चला सर, अंग पुसा."

"मंगलच्या सासरी निरोप गेलाय," सर म्हणाले.

"कसला?"

"सकाळीच. गाडी गल्लीत शिरताना बघितली. शेजारच्या आडतीवरचा माणूस भोकरला निघाला होता, त्याच्याजवळ सांगून टाकलं. पाणी लागलं, लेकीला आणा."

"अहो सर! पाणी कुठंय?"

"मला लेक पाहिजे हो घरी," सर म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. "तिच्या आईनं खाट काढून ठेवलीय."

ती बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. काकूंनी डोक्याला हात लावला, पण पदर खोचून घर सारवायला घेतलं.

दोन दिवसांनी व्याही मंगलला घेऊन आले. रिक्षातनं उतरल्या उतरल्या विचारलं, "लागलं म्हणं पाणी?" सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात रुक्मिणबाई दारातनं ओरडली, "लागलं की! लई लागलं! आता पंप बसवायचा राहिलाय तेवढा." खोटं बोलावं तर असं. व्याह्यांनी दगडानं झाकलेल्या बोअरकडं बघितलं, रुक्मिणबाईकडं बघितलं आणि सुनेची ट्रंक आत नेऊन ठेवली.

ते गेल्यावर मंगल खाटेवर टेकली. "अप्पा, निरोप आला तवाच मला कळलं हुतं. पाणी खरंच लागलं असतं तर तुम्ही 'आय थिंक' म्हणला असता."

"मग आलीस कशाला गं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही बोलावलं म्हणून."

तेवढ्यात बाहेर हाकाटी उठली, टँकर आला. सर हंडा उचलून अनवाणी पळाले. आजवर ते रांगेच्या शेवटी उभे राहून रिकामे परत येत. त्या दिवशी मात्र कोपरानं वाट काढत पुढं घुसले, धोतर सुटायला आलं तरी थांबले नाहीत.

"सरा बाजूला! माझी लेक आलीय! माझी लेक आलीय!"

रुक्मिणबाईची घागर नळीखाली होती, अर्धीच भरलेली. तिनं ती बाजूला ओढली आणि नळी सरांच्या हंड्यात सोडली.