एका पानावर तीन रकाने

"एकाच पानावर हवं," संचालिका मॅडम म्हणाल्या. "नाव, हुद्दा आणि तुमचा शेरा. बाकी काही नको. चार वाजता निघताना हातात द्या."

पाणीपुरवठा कचेरीच्या साहेबांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. नव्या विभागीय कार्यालयाचा प्रमुख कोण, हे त्या पानावरून ठरणार होतं, आणि अशा खुर्चीची साहेब नऊ वर्षं वाट पाहत होते.

तक्ता संगणकात तयार होता. चौदा माणसं, एकोणीस रकाने. पहिल्या दोन रकान्यांत नाव आणि हुद्दा, एकोणिसाव्यात शेरा. मधल्या सोळांत जन्मतारखेपासून रक्तगटापर्यंत सगळं होतं. कधीकाळी गमबूट वाटायचे होते म्हणून प्रत्येकाच्या पायाचं मापही होतं. पहिली रांग अर्थातच साहेबांची. तिथला शेरासुद्धा साहेबांनीच आठवडाभर घोटून लिहिला होता. दुसऱ्या रांगेत वरिष्ठ लिपिक बाई. कचेरीतलं निम्मं काम त्या करत, आणि उरलेलं निम्मं साहेबांनी केल्यावर त्यांना निस्तरावं लागे.

साहेबांनी छपाईचं बटण दाबलं. प्रिंटरने पाच पानं ओकली.

"साहेब, मधले रकाने लपवा आणि मग छापा," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

"लपवा?" साहेब ताठ झाले. "बाई, या कचेरीत आजवर काहीही लपवलं गेलेलं नाही!"

"कधीच नाही," होयबा म्हणाला. होयबा म्हणजे भांडार लिपिक, तक्त्यात बाईंच्या खालची रांग. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते सहसा बाहेर पडत नसे.

"अहो, पुसले जात नाहीत ते. नुसते दिसत नाहीत."

"दिसत नाहीत यालाच लपवणं म्हणतात. मला जेवढं हवं तेवढंच मी निवडून छापणार. सरळ, उघड."

साहेबांनी माउस हातात घेतला आणि स्वतःच्या नावापासून खाली ओढला. मथळ्याची ओळ वर तशीच, न निवडता राहिली. कुठलीही यादी समोर आली की साहेबांची नजर आधी स्वतःच्या नावावरच जाऊन बसत असे. मग होयबाने कंट्रोलची कळ दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली, आणि साहेबांनी एकोणिसाव्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली. तो रकाना मात्र मथळ्यासकट निवडला गेला.

दोन पानं बाहेर आली. एकावर नावं आणि हुद्दे, दुसऱ्यावर शेरे.

"एका पानावर म्हटलं ना!" साहेब प्रिंटरवर ओरडले.

"म्हटलं होतं," होयबाने साक्ष दिली.

पुन्हा छापलं, पुन्हा दोन. तिसऱ्यांदा साहेबांनी बटण चांगलं दाबून धरलं. तरी दोनच.

"लांबलांबचे रकाने निवडले की ते वेगवेगळ्या पानांवरच येतात," बाई म्हणाल्या. "म्हणून मी म्हणत होते—"

"बाई, तुम्ही जागेवर जाऊन बसा बघू!"

चारला वीस मिनिटं कमी होती. साहेबांनी हुकूम सोडला, "कात्री! डिंक!"

पुढची दहा मिनिटं, लाखो लिटर पाण्याचं नियोजन करणारा तो माणूस जिभेचं टोक बाहेर काढून कागद कापत होता. शेऱ्यांची पट्टी नावांच्या शेजारी, वरच्या कडा अगदी जुळवून, चिकटवली गेली. खाली पट्टी थोडी लोंबू लागली.

"एक ओळ जादा आली," साहेब म्हणाले.

"यंत्रच ते. चुकायचंच," होयबा म्हणाला.

जादा ओळ कापून टोपलीत गेली.

"साहेब, ती वरची ओळ—" बाई जागेवरून म्हणाल्या.

"बाई!"

मग त्याची झेरॉक्स काढली. जोड कुठे दिसेना. साहेबांनी शेरे वाचून पाहिले नाहीत. त्यांचा स्वतःचा त्यांना तोंडपाठ होता, आणि इतरांच्यात त्यांना रस नव्हता.

मॅडमनी उभ्याउभ्याच पान वाचायला घेतलं.

"तुमच्या नावापुढे नुसतं 'शेरा' एवढंच लिहिलंय."

"अं?"

"स्वतःबद्दल काही लिहायचं नाही, असंच ना? असा संकोच हल्ली पाहायला मिळत नाही." त्यांची नजर खाली सरकली. "वरिष्ठ लिपिक बाई. 'दूरदृष्टी, करारी बाणा आणि लोभस व्यक्तिमत्त्व. कचेरी केवळ यांच्यामुळे चालते. यांना वरची जागा न दिल्यास पाणीपुरवठ्याची अपरिमित हानी होईल.' हाताखालच्या माणसाबद्दल एवढं?"

साहेबांनी तोंड उघडलं. चूक सांगायची तर ते लोभस व्यक्तिमत्त्व आपलं आहे असं म्हणावं लागणार होतं, आणि आपल्याला एक पान छापता येत नाही हेही. साहेबांनी तोंड मिटलं.

"साहेबांनी स्वतः लिहिलंय, मॅडम," होयबा दारातून म्हणाला. "आठवडाभर बसून."

"आणि हे भांडार लिपिक कोण? 'सारखे उलट बोलतात, नको ते सल्ले देतात.' तुम्हीच का?"

"हो, मॅडम," होयबा सवयीने म्हणाला.

"सुधारा." मॅडमनी पान टेबलावर ठेवलं. "बाईंचं नाव नक्की करते. शिफारस तुमची आहे, तेव्हा खाली सही करा."

साहेबांनी सही केली. ती नेहमीसारखीच लांबलचक आली.

गाडी गेल्यावर बाई हलकेच म्हणाल्या, "साहेब, एक ओळ सरकलीय. मी मॅडमना फोन करून खरं काय ते सांगते."

"खबरदार!" साहेब दचकले. मग सावरून, कोटाची बटणं लावत म्हणाले, "माणसाने हाताखालच्यांना पुढे आणावं, बाई. स्वतःचा विचार करत बसू नये. माझं पहिल्यापासून हेच तत्त्व आहे."

"पहिल्यापासून," होयबा म्हणाला.

कचेरी सुटेपर्यंत साहेबांनी आपलं हे तत्त्व टेबलाटेबलावर जाऊन अकरा जणांना सांगितलं. बाराव्याला सांगताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.