हरसूलच्या सायकलस्वारीची पूर्वतयारी

सन १९३६च्या फेब्रुवारीची तीन तारीख. माझी धाकटी बहीण चतुरा, हिचे हरसूलहून पत्र आले. तिच्या मुलाचे जावळ रविवारी, सोळा तारखेला काढायचे ठरले होते. लग्नानंतर सात वर्षांनी झालेले लेकरू. आणि जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवावे लागते. चतुराला भाऊ एकच, तो मी. "दादा, तू आला नाहीस तर न्हावी वस्तऱ्याला हात लावणार नाही," असे तिने शाळामास्तरांकडून लिहून घेतले होते. पत्र वाचून माझे डोळे भरून आले, हे मी सरकारी कारकून असूनही कबूल करतो.

नाशिकहून त्र्यंबकपर्यंत मोटार जाते. पुढे हरसूलपर्यंत घाट, जंगल आणि कुणाची बैलगाडी मिळाली तर मिळाली. म्हणून मी सायकलने जायचे ठरवले. त्या दिवसांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या तरुणांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत. मला सबंध पृथ्वी नको होती, पस्तीस मैल पुरे होते.

भद्रकालीतल्या नजीर मिस्त्रीने भाड्याची एक काळी सायकल पुढे केली. "ही घ्या भाऊ. चेन नवी, ब्रेक मजबूत. पंप देतो, पंक्चरचं सामान देतो. चार भाकरी बांधा आन निघा. घाट आला की उतरा, घाट संपला की बसा."

"एवढंच?"

"बस्स. और क्या?"

हा माणूस मला गुंडाळतोय, अशी माझी खात्रीच झाली. आयुष्यातला पहिला सायकलप्रवास, आणि त्याची तयारी उभ्या उभ्या संपते म्हणजे काय! मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि तडक खंडेरावांकडे गेलो.

खंडेराव हे जंगलखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि आमच्या पेठेतल्या सायकलप्रवास मार्गदर्शक मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. मंडळाचे सभासद अकरा. सायकली तिघांकडे. त्यांतली अध्यक्षांची, धूळ लागू नये म्हणून, दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली असे. ते स्वतः तिच्यावर कधी बसले नव्हते.

"सायकलवर बसलं की सायकल दिसत नाही, सावळीराम," त्यांनी मला समजावले. "अभ्यास करायचा तर समोर उभं राहावं लागतं."

मला ते पटले. काय करणार, ते विलायती क्याटलॉग हातात धरून बोलत होते.

मंडळाच्या चार बैठका झाल्या. चिवडा माझा, चहा माझा, मार्गदर्शन त्यांचे. सायकलचा सांगाडा बावीस इंची असावा की चोवीस, यावर दोन दिवस गेले. सीट रुंद असावी की अरुंद, यासाठी उपसमिती नेमली. तिने माझी मापे घेतली, ती कुठली हे इथे लिहीत नाही. चौथ्या दिवशी एकमताने जी सायकल निवडली, ती नजीरने पहिल्याच दिवशी पुढे केलेली काळी सायकल होती. फक्त आता तिच्यामागे ठराव क्रमांक सात होता.

मग सामानाची यादी सुरू झाली. वळकटी, कंदील, स्टोव्ह, स्टोव्हची पिन, पाण्याची घागर, इथवर मीच मान डोलावत होतो. एक सभासद म्हणाले, रानात डास असतात, मच्छरदाणी आली. मच्छरदाणीला चार काठ्या लागतात, त्या आल्या. काठ्या ठोकायला हातोडा आला. जमिनीवर झोपले तर विंचू, म्हणून घडीची खाट आली. शेवटी कुणीतरी वाघाचे नाव काढले आणि बैठक एकदम गंभीर झाली.

"पुढे कार्बाइडचा दिवा लावा. वाघ उजेडाला भितो," खंडेराव म्हणाले.

"पण वाघ मागून येतो ना?"

"म्हणून मागेही दिवा लावा. आणि थाळी-पळी ठेवा वाजवायला."

"हँडल सोडून थाळी कशी वाजवणार?"

"त्यासाठी उतरायचं," अध्यक्ष म्हणाले. "प्रवासात घाई कामाची नाही."

घरी सामानाचा ढीग बघून माझी बायको वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, जावळाला निघालात की काशीला? पोराचे केस डोळ्यांवर आलेत तिकडे!"

"बायकांना यातलं कळत नाही," मी म्हणालो. तिला सगळे कळत होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

शुक्रवारी पहाटे निघायचे होते. पण सायकलीला नगरपालिकेच्या परवान्याचा त्या वर्षाचा बिल्ला नव्हता. तो घ्यायला मी सामान बांधलेली सायकल ढकलत कचेरीत नेली. कारकुनाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"ही सायकल नाही," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"सामान स्वाराच्या डोक्यापेक्षा उंच गेलं की ती मालगाडीत मोडते. गाडीचा फॉर्म भरा." त्याने फॉर्म पुढे सरकवला. "बैल किती?"

"बैल नाहीत."

"बैलाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. गाडी ओढतंय कोण?"

"मीच."

त्याने शांतपणे रकान्यात 'बैल एक, स्वतः अर्जदार' असे लिहिले आणि माझी सही घेतली. त्या सहीवर साहेबांची सही शनिवारी संध्याकाळी मिळाली. मी मात्र खूश होतो. सगळे कसे रीतसर चालले होते!

रविवारी सकाळी सात वाजता निरोप समारंभ होता. फोटोग्राफर साडेनऊला आला. खंडेरावांचे भाषण साडेअकराला संपले; त्यात सायकलचा इतिहास रामाच्या वनवासापासून होता. मला हार घातला, नारळ दिला. तो ठेवायला जागा नव्हती म्हणून तो मागच्या ढिगावरच बांधला. दोन सभासदांनी सायकल धरली, मी चढून बसलो, त्यांनी हात सोडले, आणि पुढचे चाक हळूच वर उचलले गेले. मी आभाळाकडे बघत जागच्या जागी पायडल मारत होतो.

रस्त्यातच तातडीची सभा भरली. पुढे वजन कमी पडते असे निदान झाले. सभासदांनी शेजारून पाटा आणून हँडलला बांधला. चाक खाली टेकले आणि मागचा टायर असा फुटला की कावळे उडाले.

एवढ्यात लांबून घंटी वाजली. घंटी कसली, टमरेलात खडे घालून वाजवीत कुणीतरी येत होते. गंजलेली सायकल, चाकांवर मडगार्ड नाहीत, सीटवर गोणपाट. चालवत होते केरू पाव्हणे, चतुराचे यजमान. मागे कॅरिअरवर चतुरा, पुढच्या दांडीला बांधलेल्या उशीवर पोरगं, आणि हँडलला उलटा लटकलेला कोंबडा.

"काय पाव्हणं!" केरू ओरडले. "शनवार संपला तरी वाट बघितली. मामाची मांडी येईना, म्हून डोस्कंच घेऊन आलो!"

मी हारासकट सायकलवर बसलो होतो. दोघांनी पुन्हा धरले नसते तर पडलोच असतो. चतुरा उतरली, पदर सावरला, खाटेकडे बघितले, पाट्याकडे बघितले. "दादा, तू बिऱ्हाड हालवतोस व्हय रे?" एवढेच ती म्हणाली, आणि मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगली तर बरे, असे झाले.

मंडळाने केरूंना घेरले. "घाट कसा चढलात?"

"चालत."

"उतरलात कसे? ब्रेक तर दिसत नाहीत."

"पाय हायेत की!"

"आणि वाघ?"

"व्हता ना एक लांब. आमच्याकडं बघून निघून गेला. त्याला बी त्याची कामं आसत्याल."

न्हावी आला. आमच्या ओट्यावर पोरगं माझ्या मांडीवर बसले, वस्तरा बघून भोकांड पसरले आणि मग माझ्या हारातली झेंडूची फुले खात गप्प राहिले. त्याचे मऊ केस माझ्या धोतरावर पडत होते. चतुरा डोळे पुसत हसत होती. मीही रडलो, आणि फार बरे वाटले. कोंबडा वत्सलाबाईने झकास रांधला. संध्याकाळी तिघे आले तसे निघून गेले. त्र्यंबकला मुक्काम करणार होते.

मंडळाने दुसऱ्या दिवशी ठराव क्रमांक बारा केला: सदर प्रवास आवश्यक साहित्याविना झाल्याने तो झाला असे धरता येत नाही.

त्यानंतर पहिल्या प्रवासाचा सल्ला मागायला आमच्या ओट्यावर माणसे येऊ लागली. नजीरचे दुकान आणि केरूंचे गाव सोडून ती माझ्याकडे येतात, कारण मंडळाने छापून घेतलेली सामानाची यादी माझ्याकडे आहे. मीही ती देतो, आणि वर दोन वस्तू सुचवतो. आलेला प्रत्येकजण केरूंची हकिगत ऐकून पोट धरून हसतो, मंडळाला नावे ठेवतो, आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतो. तोच तुमच्याही ओठावर आलाय, वाचकहो, उगाच लाजू नका: केरूंची सायकल कुठल्या कंपनीची होती?